प्रकरण सातवे: गुणपत्रिकेत न मावणारा मजकूर

१. गुण आहेत, मग निबंध कशास?

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यातील मध्यमवर्गीय घरांत मुलाने वा मुलीने परदेशी विद्यापीठात शिकावयास जाण्याचे ठरविले, की परीक्षांचे गुण, साक्षांकित दाखले, बँकेची कागदपत्रे आणि प्राध्यापकांची शिफारसपत्रे यांची जमवाजमव वडीलधारी मंडळी मोठ्या उत्साहाने आणि बहुधा बिनचूक करतात. आणि मग अर्जाच्या अखेरीस स्वतःविषयी लिहावयाचा रकाना दिसताच सर्वांचाच वेग एकाएकी मंदावतो. "नव्वद टक्के आहेत, सरांनी शिफारस दिली आहे, मग आता हे निबंधाचे खूळ कशाला?" असा प्रश्न त्या घरात हमखास विचारला जातो. तो अडाणीपणाचा नव्हे. ज्या व्यवस्थेत आपण वाढलो तिच्यात या प्रश्नास पूर्ण आधार आहे.

महाराष्ट्रात अभियांत्रिकीला जाणारा विद्यार्थी सीईटी ही प्रवेशपरीक्षा देतो, त्याचे पर्सेंटाइल लागते, तो महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरतो आणि कॅप या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या फेऱ्यांतून त्याला जागा मिळते. या सबंध व्यवहारात अर्जदाराचे नाव झाकून केवळ गुण, प्रवर्ग आणि पसंतीक्रम एवढाच तपशील ठेवला, तरी निकालात तसूभर फरक पडणार नाही. ही त्या पद्धतीची उणीव मानली जाते. प्रस्तुत लेखकास ती तिची अब्रू वाटते, कारण कारकुनाच्या मर्जीवर तेथे काही राहत नाही.

उलट, अमेरिकेतील पुष्कळशी विद्यापीठे अर्जदार हा सबंध इसम म्हणून कसा आहे ते पाहू इच्छितात. ही पद्धत निर्मळ हेतूने जन्मास आली असे मात्र कोणी समजू नये. १९२०च्या दशकात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन येथे नुसत्या परीक्षेच्या बळावर प्रवेश मिळविणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांची संख्या वाढू लागली, तेव्हा तिला आळा बसावा म्हणून तेथील अधिकाऱ्यांनी 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' यांची चौकशी सुरू केली. कुळाची माहिती, छायाचित्र, मुलाखत, शिफारस हे सारे अर्जात शिरले ते त्या काळी. आज तेच साधन अनेक ठिकाणी उलट दिशेने, म्हणजे साधनहीन घरातून आलेल्या मुलाने किती अंतर कापले हे कळावे म्हणून, वापरले जाते. तरी माणसाने माणसाविषयी बनविलेल्या मताला चिकटलेली अनिश्चितता त्यातून गेलेली नाही. पण पद्धत निवडण्याचा अधिकार अर्जदारास नसतो. त्याला एवढेच समजून घ्यावयाचे असते की गुणपत्रिका ही रेल्वेच्या मासिक पासासारखी आहे: कोठून कोठवर आणि कोणत्या वर्गाने जाण्याचा अधिकार आहे हे तिच्यावर छापलेले असते, परंतु पावणेनऊच्या गर्दीत हा इसम कसा उभा राहतो, कोणाला आत ओढून घेतो आणि कोणाला धक्का देतो, याचा पासावर पत्ता नसतो. निबंध मागितला जातो तो एवढ्यासाठी.

२. एकाच नावाखाली तीन वेगळे कागद

आपल्याकडे या सर्वांस सरसकट 'एसओपी' म्हणण्याचा प्रघात पडला आहे आणि त्यातून पुष्कळ घोटाळे होतात. बारावीनंतर अमेरिकेत पदवीस जाणारा विद्यार्थी बहुधा 'कॉमन ॲप' या सामायिक अर्जातून जातो. १९७५ साली पंधरा महाविद्यालयांनी मिळून तो सुरू केला. आज शेकडो संस्था तो स्वीकारतात. त्यातील निबंध किमान २५० आणि कमाल ६५० शब्दांचा असतो, आणि त्यात विषयाहून माणूस महत्त्वाचा. 'मी अमुक विषय का घेतो' हे त्यात आले नाही तरी चालते. लिहिणारा कसा विचार करतो हे दिसले पाहिजे.

ब्रिटनची तऱ्हा याहून वेगळी. तेथील 'यूकॅस' या मध्यवर्ती संस्थेकडे जाणारे निवेदन ४,००० अक्षरांत, मोकळ्या जागा धरून, आटोपावे लागते. पूर्वी तो सलग मजकूर असे. २०२६च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न केले आहेत: हा विषय का शिकावयाचा, आजवरच्या अभ्यासाने त्याची तयारी कशी झाली, आणि वर्गाबाहेर तयारीसाठी काय केले. येथे आजीची आठवण सांगत बसण्यास अवकाश नाही. वाचणारा पुष्कळदा त्याच विषयाचा अध्यापक असतो आणि त्याला विषयाविषयीच ऐकावयाचे असते.

तिसरा कागद म्हणजे खरीखुरी एसओपी, पदव्युत्तर शिक्षणासाठी दिलेले उद्देशपत्र. मुंबई विद्यापीठाची अभियांत्रिकीची पदवी घेऊन एम.एस.ला निघालेल्या ठाण्या-डोंबिवलीच्या मुलांना लिहावी लागते ती बहुतेक हीच. कोणता प्रश्न अभ्यासावयाचा, त्याची पूर्वतयारी काय, आणि त्यासाठी हेच विद्यापीठ का, हा तिचा विषय. पहिल्या प्रकारचा मजकूर तिसऱ्यात घातला तर तो पोरकट वाटतो, आणि तिसऱ्याचा पहिल्यात घातला तर रूक्ष.

तिन्हींना समान अशी एकच गोष्ट आहे: लिहिणारा आणि वाचणारा यांची ओळख नाही, आणि वाचणाऱ्याजवळ वेळ थोडा आहे. ही अडचण नवी नाही. कल्याणच्या एका मुलीने ती १८८३ साली सोडविली होती, आणि तिचे उदाहरण आजच्या कोणत्याही मार्गदर्शिकेपेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

३. कल्याणच्या जोशांची मुलगी

आनंदीबाई जोशी यांचे माहेरचे नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५चा, माहेर कल्याणच्या जोशांचे. नवव्या वर्षी टपाल खात्यात कारकून असलेल्या गोपाळराव जोशांशी विवाह झाला. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा अवघे दहा दिवस जगला. बायकोने शिकलेच पाहिजे या हट्टाने पेटलेल्या गोपाळरावांनी कोल्हापुरास असताना वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यांस पत्र लिहून अमेरिकेत पत्नीच्या शिक्षणाची आणि स्वतःच्या चरितार्थाची काही तजवीज होईल काय, असे विचारले. वाइल्डरसाहेबांनी ख्रिस्ती होण्याची सूचना केली आणि तो पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. पालकाने पाल्यासाठी केलेला हा पहिला अर्ज, म्हणावयाचे तर, फसला.

परंतु तेच नियतकालिक १८८०च्या सुमारास न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या हाती दंतवैद्याच्या दिवाणखान्यात पडले, तिने थेट आनंदीबाईंस पत्र लिहिले, आणि त्यानंतर जी पत्रे अमेरिकेस गेली ती आनंदीबाईंच्या स्वतःच्या हातची होती. पुढचे सर्व घडले ते या दुसऱ्या पत्रव्यवहारातून. नवऱ्याच्या खटपटीने दार सापडले हे खरे; ते उघडले मात्र जिला आत जावयाचे होते तिने लिहिल्यावर. आपल्या मुलांची निवेदने रात्री जागून स्वतः लिहून काढणाऱ्या आईवडिलांनी यातील दोन्ही बाजू ध्यानात घ्याव्यात.

प्रवासास निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, अठरावे वर्ष पुरे होण्यास महिनाभराचा अवकाश असताना, आनंदीबाईंनी बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजात जाहीर भाषण केले. लोक आपणास जे प्रश्न विचारून छळीत होते तेच सहा प्रश्न त्यांनी मांडले आणि एकेकास उत्तर दिले: अमेरिकेस का जाते? हिंदुस्थानात सोय नाही काय? एकटी का? परतल्यावर वाळीत पडणार नाही काय? काही अरिष्ट आले तर? आणि कोणाही स्त्रीने जे केले नाही ते मीच का करावे? एकटी का, या प्रश्नाला त्यांनी त्यागाचा वा धैर्याचा मुलामा दिला नाही. दोघांपुरता पैसा नाही आणि पतीवर वृद्ध आईवडील व धाकटी भावंडे यांचा भार आहे, असा सरळ खुलासा केला. बहिष्काराच्या प्रश्नावर, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतून राहीन, एवढे सांगितले.

आत्मनिवेदन लिहू इच्छिणाऱ्याने पहिला धडा घ्यावा तो येथे. आरंभी 'मी कोण' असे स्वतःस विचारीत बसू नये; त्या प्रश्नाला एकतर मौन उत्तर येते किंवा पोकळ शब्द. मला पाहून अनोळखी, किंचित साशंक माणसाच्या मनात कोणते प्रश्न येतील याची यादी करावी. गुण दुसऱ्या वर्षी घसरले ते का? वाणिज्य शाखेतून एकदम मानसशास्त्राकडे का? नाव काढले तर हेच निवेदन शेजारच्या मुलाच्या अर्जातही चालेल, मग हा निराळा तो कशाने? या प्रश्नांची उत्तरे कागदावर उतरली की निबंधाचा निम्मा मजकूर हाती आलेला असतो.

४. एक दरखास्त, बारकाईने

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून जहाजात बसल्या, ४ जूनला न्यू यॉर्कला उतरल्या, आणि २८ जून रोजी त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजचे कार्यवाह आल्फ्रेड जोन्स यांस प्रवेशाचे पत्र लिहिले. ते कॉलेज पुढे ड्रेक्सेल विद्यापीठात विलीन झाले आणि ते पत्र तेथील दप्तरात आजही जतन केलेले आहे.

त्याची रचना पाहण्यासारखी आहे. तपासणीअंती प्रवेशाच्या सर्व अटी आपणाकडून पुऱ्या होणार नाहीत, अशी शक्यता त्या स्वतःच मांडतात, आणि आपली बाब अपवादात्मक असल्याने सवलतीची अपेक्षा करतात. मग प्रकृती चांगली असल्याचे सांगतात. नंतर, स्नेह्यासोबत्यांचा आणि जातीचा एकवटलेला विरोध सोसून जो निर्धार आपणास येथवर घेऊन आला तोच पुढेही कामी येईल, असा युक्तिवाद करतात. मग उद्देश: पुरुष वैद्याकडून उपचार करून घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना खरी वैद्यकीय मदत देणे. आणि अखेर, व्यक्तिशः स्वतःसाठी आपण काही मागत नाही, या कामास लायक होण्यासाठी जे लागेल तेवढे मात्र या कॉलेजच्या अथवा आपणास घेईल अशा कोणत्याही कॉलेजच्या दाराशी मागतो, असे लिहितात.

अर्जदार सहसा जे झाकतो ते येथे आधी आले आहे, आणि म्हणून पुढच्या प्रत्येक विधानावर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. निर्धाराचा दावा नुसता केलेला नाही. मी निश्चयी आहे असे कोणीही लिहील, पण विरोध पत्करून समुद्र ओलांडल्याचा पुरावा त्या स्वतःच त्या खंडात उभ्या राहून देत होत्या. पत्राचा भर सोसलेल्या दुःखावर नसून करावयाच्या कामावर आहे. आणि शेवटी त्या याचना करतात तीही ताठ मानेने, कारण 'अथवा कोणत्याही कॉलेजच्या' या शब्दांत, तुम्ही नाही म्हणालात तरी मी थांबणार नाही, हे न बोलता सांगितले आहे.

प्रवेश मिळाला. ११ मार्च १८८६ रोजी, एकवीस वर्षे पुरी होण्याच्या आत, पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाचा हुद्दाही मिळाला. तथापि क्षयाने त्यांना गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. प्रकृती चांगली आहे, हे त्या पत्रातील एकच विधान काळाने टिकू दिले नाही.

५. पण माझ्या आयुष्यात घडलेच काय?

येथे वाचक म्हणेल, आनंदीबाईंचे ठीक आहे. पण मी डोंबिवलीच्या पेंडसेनगरात राहतो, शाळा, क्लास आणि लोकल यांपलीकडे माझ्या आयुष्यात काही घडलेले नाही. हा आक्षेप खरा असता तर या प्रकारचे निबंध फक्त गिर्यारोहकांनी आणि अनाथांनी लिहिले असते. अडचण घटनांच्या अभावाची नसून सवयीची आहे. आपल्या शाळांनी दहावीपर्यंत आपल्याकडून फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त लिहवून घेतले, मोडक्या छत्रीचे घेतले, ओसाड किल्ल्याचे आणि पूरग्रस्ताचेही घेतले. विद्यार्थ्याचे स्वतःचे आत्मवृत्त तेवढे कोणी मागितले नाही. छत्रीच्या वतीने सुंदर रडणारा मुलगा स्वतःच्या वतीने एक साधे वाक्य लिहिताना अडखळतो, यात नवल ते काय?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, डोंबिवलीची एक मुलगी संख्याशास्त्र शिकू इच्छिते. तिची मावशी स्टेशनाजवळ पोळीभाजी केंद्र चालविते आणि ही संध्याकाळी गल्ल्यावर बसते. तिचा पहिला मसुदा असा निघतो (अर्ज इंग्रजीत असेल, नमुना सोयीसाठी मराठीत देतो):

"मला लहानपणापासूनच संख्यांची अतिशय आवड आहे. माझी मावशी कष्टाळू असून तिच्याकडून मी जिद्द, चिकाटी आणि वेळेचे महत्त्व शिकले."

यात खोटे काही नाही. मात्र यातील एकही शब्द तिच्या मालकीचा नाही. आता तिला विचारू: गल्ल्यावर बसून तू केलेस काय? ती सांगते की काही दिवशी पोळ्या उरत, काही दिवशी आठच्या आत संपत, आणि मावशी दर वेळी पावसाला बोल लावी. हिला वाटले, दोष पावसाचा नाही, गाड्यांचा आहे. ऑफिसातून सुटलेल्या बायका उशिरा उतरल्या की घरी कणीक मळण्याचे त्राण राहत नाही. तिने वहीत दोन रकाने आखले, एकात गाड्यांचा उशीर, दुसऱ्यात तासातासाचा खप. मग दुसरा मसुदा असा होतो:

"मंगळवारी चाळीस पोळ्या उरल्या, तेव्हा मावशीने पावसाला दोष दिला आणि मी मध्य रेल्वेला. दोन महिने वही ठेवल्यावर मला वाटले, मीच जिंकले. मग चंद्र पाहूनच उपास सोडण्याचा महिन्याचा दिवस, संकष्टी, आली. गाड्या वेळेवर होत्या, तरी गिऱ्हाइकांची रांग लागली ती नऊ वाजता. वही मागे चाळली. उशिराच्या ज्या दिवसांवर माझा भरवसा होता, त्यांतही एक संकष्टी निघाली."

एक कारण दिसते म्हणून तेच एकमेव कारण समजू नये, हे संख्याशास्त्राचे पहिले व्रत या मुलीला कोणी शिकविले नाही. ते पोळ्यांच्या टोपलीतून तिला सापडले. आवड, जिद्द, चिकाटी हे शब्द आता कोठेच नाहीत आणि तिन्ही गोष्टी आहेत. संकष्टी हा शब्द परक्या वाचकासाठी वाक्य न थांबविता उलगडला आहे, हेही पाहावे. आपल्या गल्लीतील वस्तू परदेशी वाचकाला कळणार नाही या भीतीने ती काढून तिथे पिझ्झाचे दुकान घालण्याची गरज नसते. मसुदा पहिल्यांदा मराठीत, जसे घरी सांगू तसा, लिहून मग इंग्रजीत नव्याने बांधला, तर असे तपशील सहसा निसटत नाहीत.

६. केटी लागली असेल तर

मुंबई विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना केटी हा शब्द सांगावा लागत नाही. इतरांसाठी, एखाद्या विषयात नापास होऊनही पुढच्या सत्रात बसण्याची मुभा आणि त्यासोबत गळ्यात राहिलेला तो विषय, असे तिचे स्वरूप. गुणपत्रिकेवर ती दिसतेच, म्हणून निबंधात ती लपविणे व्यर्थ आहे, आणि तिच्यावर अर्धे पान शोक करणे त्याहून वाईट. दोन वाक्ये पुरतात: काय झाले, आणि त्यानंतर काय केले. "तिसऱ्या सत्रात वडिलांच्या आजारपणात मी दोन विषयांत नापास झालो, पुढच्या वर्षी ते दोन्ही विषय सुटले आणि त्यांतल्याच एकावर मी अंतिम वर्षाचा प्रकल्प केला." कारण खरे असेल तरच लिहावे. नुसता आळस झाला असेल तर कारण वगळावे आणि दुरुस्ती तेवढी सांगावी.

७. दुसऱ्याचा हात

ठाण्यात आणि डोंबिवलीत निवेदने 'तयार करून' देणारे कमी नाहीत. शुद्धलेखन तपासून घेणे, एखाद्या जाणत्याला वाचून दाखविणे यात गैर काही नाही. मजकूर विकत घेण्यात नैतिक प्रश्न आहेच, पण व्यावहारिक धोका त्याहून जवळचा आहे. यूकॅस आलेली निवेदने एकमेकांशी ताडून पाहते. २००७ साली उघड झालेल्या तपासणीत, आठव्या वर्षी रसायनांच्या खेळण्याने पायजम्याला भोक पाडल्याची हकीकत तब्बल २३४ अर्जदारांनी जवळजवळ त्याच शब्दांत सांगितल्याचे आढळले. एवढे पायजमे खरोखर जळते तर इंग्लंडच्या अग्निशामक दलास कळले असते. अलीकडे संगणकाकडून लिहवून घेण्याची सोय झाली आहे. कॉमन ॲपने अशा यंत्राचा मजकूर स्वतःचा म्हणून देणे हे आपल्या नियमांत फसवणुकीच्या सदरात घातले आहे.

८. मुदतीचे पंचांग

ऑक्सफर्ड आणि केंब्रिजसाठी, तसेच ब्रिटनमधील बहुतेक वैद्यकीय अभ्यासक्रमांसाठी, यूकॅसची मुदत १५ ऑक्टोबर, इतरांची जानेवारीत. अमेरिकेतील आगाऊ निर्णयाच्या अर्जांची मुदत पुष्कळ ठिकाणी १ नोव्हेंबर असते आणि नेहमीच्या अर्जांची १ जानेवारीच्या आगेमागे. म्हणजे या मुदती नेमक्या आपल्या नवरात्र-दिवाळीच्या तोंडावर किंवा परीक्षांच्या धामधुमीत येतात, आणि डोंबिवलीच्या फडके रोडवर दिवाळीची पहाट साजरी करून आल्यावर लेखणी हाती घेणाऱ्याचा अर्ज रात्री बाराला पाच मिनिटे असताना रवाना होतो. प्रश्नांची यादी जूनमध्ये करावी, पहिला मसुदा गणपतीपूर्वी पुरा करावा आणि तो विसर्जनापर्यंत उघडू नये. नंतर मोठ्याने वाचावा. पहिला परिच्छेद बहुधा घसा साफ करण्यात गेलेला आढळेल. तो काढून टाकला आणि कोणाच्या ध्यानात आले नाही, तर निबंध दुसऱ्या परिच्छेदापासून सुरू होतो असे समजावे.